तिसरा आवाज

तीन युरो एकोणपन्नास सेंट.
एवढ्यात एक अख्खा हिवाळा परत मिळतोय
म्हणून घेतला.

पडद्यावर तेच बर्फ फोडणारं जहाज,
लाल, सोळा ठिपके रुंद,
इल्मोने आमच्या स्वयंपाकघरात
चौकटीच्या वहीत आधी पेन्सिलीने भरलेलं.
तोच काळा किनारा, कोत्काचाच, नाव बदललेला.
वरच्या कोपऱ्यात घटत जाणारं डिझेल.
फक्त संगीत अळणी.
गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपात
कुणी मीठच घालायला विसरावं तसं.

मी स्वतःलाच बोल लावला.
अठ्ठावन्न वर्षांचे कान, त्यातली तीस वर्षं
बंदरातल्या क्रेनवर गेलेली.
आठवणच एवढ्या काळात
पदरचं काहीबाही वाजवायला शिकली असेल.

वरच्या मजल्यावरचा लिबान
सायकलच्या खोलीची किल्ली मागायला आला.
उभ्या उभ्या ऐकलं, फोल्डर उघडला, हसला.
"टुलिक्की, जुन्या यंत्राचं सोंग घेणारा जो प्रोग्राम
यांनी आत ठेवलाय ना, तो बारा वर्षांचा आहे.
माझ्याहून चारच वर्षांनी धाकटा."

सोंग.
जे यंत्र आता घरात नाही,
इल्मोचं तर मीच भंगार केंद्रावर देऊन पावती घेऊन आले,
त्याचा वेष चढवून कुणी आत बसलेलं,
खेळाला पत्ता लागू द्यायचा नाही
की घर बदललं, साल बदललं,
ज्याने लिहिलं तो माणूसही.

सगळी सोंगं आणता येतात म्हणे,
एक पैशाचं तेवढं येत नाही.
यांनी पैसे खरे घेतले
आणि सोंग दिलं अर्धं:
याला तिसरा आवाज येतच नव्हता.
चूक सगळ्यांना ठाऊक. दहा वर्षांपूर्वीच
कुठल्या तरी गावी कुणीतरी रात्री जागून, बिनपगारी,
ती निस्तरून ठेवलेली, हवी त्याला फुकट.
विकणाऱ्यांनी मात्र जुनंच गुंडाळून दिलं.
चालतंय ना? मग कशाला हात लावा.

लिबानने एक फाइल काढली, एक घातली.
माझी कॉफी निवायच्या आत.

आणि खालून,
पाण्याच्याही खालून, तो आला.
सकाळी ब्रश तोंडात धरून, आई जागी होऊ नये म्हणून
इल्मो ज्या पट्टीत गुणगुणायचा,
त्या पट्टीत.
मी टेबलाची कड धरली.
लिबान फोनमध्ये बघत राहिला. पोरगं शहाणं आहे.

मग खेळत बसले, रात्री दोनपर्यंत.
सातव्या फेरीत, जिथे बर्फ निळा होतो,
सगळं थिजलं.
जहाज, डिझेल, गुणांचा आकडा.
तिसरा आवाज तेवढा
एकाच सुरावर अडकून राहिला.

पण परवा, त्या चुकीच्या सोंगात,
मी इथून सहज पुढे गेले होते!
आठवी फेरी नुसती पांढरी,
किनारा नाही, आकाश नाही.
मला वाटलं, बर्फ.

ती फेरी त्याने केलीच नव्हती.
मार्च एकोणनव्वद. डिस्केट टपालात टाकायची शेवटची तारीख,
आणि त्याच्या हातांची थरथर,
जिला आम्ही अजून थंडी म्हणत होतो.
सातवीच्या शेवटी त्यानेच गाठ मारून ठेवली असणार,
कुणी पुढे जाऊन रिकामं बघू नये म्हणून.
खरं यंत्र तिथे थांबायचं.
नवं सोंग इतकं हुबेहूब
की तेही थांबलं.

लिबान म्हणतो, त्यांना कळवू, बदलून देतील.
कळव, म्हटलं.

माझ्याकडे मात्र दोन्ही फोल्डर आहेत.
एकात तो गातो, आणि थांबतो.
दुसऱ्यात गात नाही,
पण वाटही अडत नाही, आणि जहाज,
लाल, सोळा ठिपके,
न रंगवलेल्या पांढऱ्यातून
जात राहतं.
डिझेल घटत नाही.